दारातली गाडी बदलताना

सांगली-साताऱ्याकडील अनेक घरांत दारात उभी असलेली जुनी छोटी गाडी हे केवळ वाहन नसते. तिनेच नव्या सुनेला घरी आणलेले असते, नातवाला दवाखान्यातून घरी आणलेले असते आणि आजी-आजोबांना कुंभोजच्या बाहुबलीला नेऊन सुखरूप परत आणलेले असते. म्हणूनच ती बदलण्याचा विषय निघाला की घरातील वडीलधारी मंडळी गप्प होतात. ‘अजून चालते की’ हे अण्णांचे उत्तर ठरलेले असते. पण खरा प्रश्न गाडी चालते की नाही हा नाही. अडचणीच्या क्षणी ती घरच्या माणसांना सांभाळू शकेल का, हा आहे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओकडून तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. एप्रिल 2022 पासून या नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले असून, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. हा खर्च परवडला तरी नूतनीकरणाने गाडी तरुण होत नाही. चालकासाठी एअरबॅग असणे नव्या मोटारींना जुलै 2019 पासून सक्तीचे झाले, तर चाके जागीच घट्ट धरून गाडी घसरू नये यासाठीची एबीएस ब्रेक यंत्रणाही त्याच वर्षीपासून सर्व नव्या मोटारींत आली. 2009 च्या सुमारास घेतलेल्या बहुतेक लहान गाड्यांत यांपैकी काहीच नाही. त्यात भर पेट्रोलमधील वीस टक्के इथेनॉलची. ज्या उसावर हा परिसर उभा आहे, त्यातूनच ते येते. पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायसर त्याचा विचार करून बनवलेले नव्हते.

नवी गाडी निवडताना दालनातील झगमगाटापेक्षा घरातील माणसे आधी मोजावीत. गुडघेदुखी असलेल्या आजींना आसनावर बसताना फार वाकावे लागू नये आणि उतरताना कोणाच्या हाताचा आधार लागू नये, ही कसोटी कोणत्याही माहितीपत्रकात नसते. त्यासाठी त्यांनाच दालनात न्यावे आणि दोन-तीनदा चढउतार करायला सांगावे. उंच छपराच्या लहान गाड्या या कसोटीला सहसा उतरतात. आसनांना चामड्याऐवजी कापड असावे, असा आग्रह असणाऱ्या घरांनाही लहान गाड्यांत अडचण येत नाही.

चाचणीसाठी गाडी मिळाली की एकट्याने मोकळ्या रस्त्यावर फिरवून समाधान मानू नये. चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून चढ चढून पाहावा. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट किंवा पुण्याच्या वाटेवरील खंबाटकी ज्यांना वरचेवर ओलांडावा लागतो, त्यांनी चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे किती सरकते, हेही पाहून घ्यावे. सांगलीच्या सपाट रस्त्यावर गोड वाटणारे इंजिन घाटात धापा टाकू शकते.

इंधनाचा निर्णय भावनेने नव्हे, कागद-पेन्सिलीने घ्यावा. पेट्रोल शंभर रुपये लीटर आणि सरासरी 18 किलोमीटर धरली, तर किलोमीटरला साधारण साडेपाच रुपये पडतात. महिन्याला 600 किलोमीटर फिरणाऱ्या घराचा वर्षाचा खर्च सुमारे चाळीस हजार होतो. सीएनजीमुळे किलोमीटरमागे अडीच रुपये वाचले, तर वर्षाला अठरा हजार वाचतील. त्यासाठी सुरुवातीला नव्वद हजार अधिक मोजले असतील, तर ते वसूल व्हायला पाच वर्षे लागतील. शिवाय गॅसची टाकी डिकीतील जागा खाते. म्हणजे रोज सांगली-कराड करणाऱ्याला सीएनजी लाभदायक, तर आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्याला नाही. घरी स्वतःची पार्किंगची जागा आणि चार्जिंगची सोय असेल, तर विजेवरच्या गाडीचाही विचार व्हावा. मात्र लांबच्या प्रवासात वाटेत चार्जिंग कोठे होईल, हे आधीच पक्के करावे.

सुरक्षिततेसाठी ‘भारत एनकॅप’ ही धडक-चाचणी ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे. प्रौढ आणि बालक यांच्यासाठी त्यात स्वतंत्र तारे दिले जातात. लहान मुले असलेल्या घरांनी दुसरा आकडा आवर्जून पाहावा. संगीताची यंत्रणा नंतरही बसवता येते, एअरबॅग मात्र नंतर बसवता येत नाही. म्हणून पैसे कमी पडत असतील, तर काचेच्या छताचा मोह सोडावा, सुरक्षिततेचा नव्हे. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी 18 टक्क्यांवर आल्याने हा मेळ बसवणे थोडे सोपे झाले आहे.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने या भागात एक गोष्ट विसरू नये. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी ओलांडून 57 फुटांचीही मर्यादा मागे टाकली होती. 2021 मध्येही पूर आला. पुरात बुडालेली गाडी बाहेरून चकचकीत करता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचे डाग आहेत का, स्टेपनीखालच्या खळग्यात माती आहे का, आसनांचे स्क्रू गंजले आहेत का, हे पाहावे आणि विम्याचा पूर्वेतिहास मागावा. पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी नव्या गाडीच्या विम्यात इंजिन-संरक्षणाची जोड घ्यावी, आणि पाणी शिरलेली गाडी कधीही सुरू करून पाहू नये.

जुनी गाडी विकल्यावर आरसी बुकावरचे नाव बदलल्याखेरीज स्वस्थ बसू नये. नोंदीत ज्याचे नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येऊ शकते. गाडी पूर्णच थकली असेल, तर नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढून प्रमाणपत्र घ्यावे; नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळू शकते.

परिग्रहाचे परिमाण राखणे म्हणजे धोकादायक वस्तूला चिकटून राहणे नव्हे. गरजेपुरतेच, पण विचारपूर्वक घेणे होय. शेजाऱ्याच्या दारातील मोठ्या गाडीकडे पाहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते पाच-सात वर्षे फेडावे लागतात. आपल्या घरातील माणसे मोजून घेतलेली छोटी गाडी मात्र, पुढच्या पंधरा वर्षांनी तिला निरोप देताना, अण्णांना पुन्हा तितकेच गप्प करील.