असाध्य व्याधी, गाऱ्हाणे आणि प्रसाद : भाविकांसाठी चार शब्द



पेडणे व डिचोली तालुक्यांतून देवदर्शनास येणाऱ्या भाविकांमध्ये घरातील एखाद्या व्यक्तीच्या असाध्य आजारासाठी गाऱ्हाणे घालावयास आलेली कुटुंबे नेहमीच असतात. डॉक्टरांनी हात टेकले आहेत, आता देवाच्या दारी काय मागावे, हा त्यांचा प्रश्न. पुजारी व समिती सदस्य यांना तो वारंवार विचारला जातो. म्हणून या विषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

गोमंतकातील देवळांत प्रसाद घेण्याची प्रथा फार जुनी आहे. देवाच्या मूर्तीवर ठरावीक जागी पाण्याने पाकळ्या लावल्या जातात, भाविकाच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते आणि उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार समजला जातो. दोन वाटा समोर आहेत आणि माणसाचे मन कुठल्याच वाटेवर स्थिरावत नाही, अशा वेळी कौल मागावा, हा तिचा मूळ हेतू. ‘आमचा माणूस बरा होईल का?’ हा प्रश्न मात्र त्या जातीचा नव्हे. उजवी पाकळी पडली तर घरचे लोक डॉक्टरांचे ऐकेनासे होतात, आणि डावी पडली तर रुग्ण जिवंत असतानाच घरात सुतक उतरते. दोन्हींत रुग्णाचे नुकसानच आहे. तेव्हा या प्रश्नावर प्रसाद लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही वयोवृद्ध भाविकांना ते रुचणार नाही, याची जाणीव ठेवूनच हे लिहिले आहे.

गाऱ्हाणे मात्र अवश्य घालावे. वेदना सुसह्य होऊ दे, मन निवांत राहू दे, सेवा करणाऱ्या हातांना बळ दे, असे मागणे देवाकडे मागण्यास काहीच आडकाठी नाही. शक्य असल्यास रुग्णाच्या तोंडूनच ते वदवावे. येथे एक अडचण येते. पुष्कळ घरांत रुग्णास आजाराचे नावच सांगितलेले नसते. बहुधा त्याला सारे उमगलेले असते, पण घरचे बोलत नाहीत म्हणून तोही बोलत नाही. मग कोणाला भेटावयाचे होते, कुळदेवतेची कोणती ओटी राहिली, जमिनीच्या वाटणीविषयी काय मनात होते, हे सारे न बोललेलेच राहते. रुग्णाला ऐकण्याची इच्छा असेल तर त्याला सत्य हळुवारपणे सांगणे ही सेवाच आहे.

निसर्ग व देव या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे आपल्या भागातील परंपरा मानीतच नाही. कित्येक गावांत श्री सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपाने होते. म्हणजे साक्षात मातीच देवी झाली आहे. देवरायांतील झाडावर कोयता चालवावयाचा नाही, हा नियमही त्याच भावनेतून आला. ज्या मातीला आयुष्यभर हात जोडले, तिच्यातच शेवटी मिळावयाचे आहे, हा विचार अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला परका वाटत नाही. म्हणून रुग्णाला प्रवास झेपत असेल तर त्याच्या ओळखीच्या जागी एकदा नेऊन आणावे. कोणाला नार्व्याच्या श्री सप्तकोटेश्वराचा परिसर हवासा वाटेल. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार करविला, ते हे देवालय नव्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले आहे. कोणाला वाळवंटीकाठचे विठ्ठल मंदिर, कोणाला मयेचे तळे, तर कोणाला केरीचा किनारा व तेरेखोलचे मुख. हरवळे येथे श्री रुद्रेश्वरासमोर मृतांसाठी विधी होतात, त्यामुळे रुग्णास तेथे नेताना मन कचरणे साहजिक आहे. परंतु त्याने स्वतः इच्छा व्यक्त केल्यास अडवू नये.

डिचोलीतील वाचकांना येथे वेगळीच सल जाणवेल. ज्या डोंगरांकडे पाहत बालपण गेले, ते खाणींनी पोखरले. २०१२ साली खाणी बंद झाल्यावर धूळ बसली, पण डोंगर पूर्ववत झाले नाहीत.

रुग्ण अंथरुणाला खिळला असेल तरीही उपाय आहे. काळजीपोटी त्याला आतल्या, अंधाऱ्या खोलीत ठेवले जाते. त्याऐवजी पडवीत किंवा खिडकीशी, अंगणातील तुळशीवृंदावन दिसेल अशा बेताने खाट मांडावी. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या २३ जोड्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांना, विटांची भिंत पाहत पडलेल्यांपेक्षा, तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. ते रुग्ण बरे होणारे होते, हे खरे. तरी बोध घ्यावयास हरकत नाही.

वेदना हे पूर्वजन्मीचे भोग आहेत, ते भोगूनच संपवावेत, असे कोणी सांगितल्यास कृपया मनावर घेऊ नये. कळा असह्य असताना नामस्मरणही होत नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे परिणामकारक औषध असून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून ते देण्याचे नियम सुलभ झाले आहेत. डॉक्टरांकडे त्याची विचारणा करण्यात संकोच बाळगू नये. लोटली येथील शांती आवेदना सदनात वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा केली जाते. ती संस्था ख्रिस्ती सेवाभावातून उभी राहिली असली तरी तेथे रुग्णाचा धर्म विचारला जात नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

अखेरच्या दिवसांत यंत्रांच्या आधारे श्वास चालू ठेवावा की नाही, हा प्रश्नही कुटुंबावर येऊन पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याविषयीची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास मान्यता दिली व २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यावयाचे असते. मे २०२४ मध्ये गोव्यात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतःचे असे इच्छापत्र जाहीरपणे नोंदविले. रुग्ण शुद्धीवर असताना त्याला विचारून हे केले, तर पुढे मुलाबाळांना एकमेकांशी वाद घालण्याची, अथवा पाकळीला विचारण्याची, वेळ येणार नाही.

रुग्णास दर्शनास आणावयाचे असल्यास आदल्या दिवशी कार्यालयात कळवावे. वाहन सभामंडपाच्या पायरीपर्यंत आणू दिले जाईल व रांगेत थांबावे लागणार नाही. येणे शक्य नसल्यास घरच्यांपैकी कोणीही तीर्थ व अंगारा घेऊन जावा. रुग्णास गिळताना त्रास होत असेल तर तीर्थ तोंडात ओतू नये, बोट भिजवून ओठांना लावावे.

— सचिव, देवस्थान समिती