धार येते कुठून?

डोंबिवली स्टेशनाबाहेर संध्याकाळी चिरलेल्या भाजीची पाकिटं मांडलेली असतात. लोकलमधून उतरायचं, पाकीट उचलायचं, घरी जाऊन फोडणीला टाकायचं. फरसबीचे काप सारखे, कोबीची कड कुठेही चेंगरलेली नाही. कुठल्यातरी विळीला किंवा सुरीला नीट धार होती, याचा हा पुरावा. गंमत म्हणजे ती धार दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. पातं दिव्याखाली धार वर करून धरा आणि कडेकडे बघा. बारीक पांढरी चकाकी दिसली, तर तेवढ्या भागात पातं बोथट आहे, कारण उजेड परतवायला थोडी तरी सपाट जागा लागते. जिथे धार आहे तिथे ती जागाच उरलेली नसते, त्यामुळे काही दिसत नाही.

डोंगराचे दोन उतार माथ्यावर भेटतात तशा पात्याच्या दोन बाजू उतरत येऊन जिथे मिळतात, ती रेघ म्हणजे धार. भूमितीतल्या रेघेला रुंदी नसते, पोलादातल्या रेघेला थोडी असतेच. चांगल्या सुरीची धार मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास रुंद असते. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता एक हिशेब करून पाहू. मायक्रॉनभर रुंदीच्या धारेचा सेंटीमीटरभर तुकडा टोमॅटोवर टेकवला आणि वर १०० ग्रॅम वजनाइतका हलका जोर दिला, तर सालीवर येणारा दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ १,००० पट होतो. तीच कड झिजून ५० मायक्रॉन रुंद झाली, की तेवढ्याच जोराने दाब उरतो जेमतेम २० पट. मग साल दबते, आतला गर फुटतो, आणि आपण आणखी रेटतो. स्वयंपाकघरात बोट कापतं ते बहुधा या रेटारेटीत. म्हणून घरात लहान मुलं आहेत तर सुऱ्या बोथटच बऱ्या, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.

दाबण्यापेक्षा ओढून कापलेलं सोपं जातं, हे सगळ्यांच्या हाताला ठाऊक असतं. त्याचं कारण हार्वर्डमधल्या एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली मऊ जेली कापून तपासलं. पातं आडवं सरकताना पृष्ठभागालाही आडवा ताण बसतो, आणि मग चीर पडायला खालच्या दिशेचा जोर फार कमी पुरतो. हे वाचल्यावर आपली विळी मला नव्याने दिसली. तिचं पातं कमानदार असतं. भाजी सरळ पुढे ढकलली तरी त्या वळणावरून ती घसरत जाते. ढकलणं आणि ओढणं एकाच हालचालीत उरकतं, वर पायाने पाट दाबलेला असल्यामुळे दोन्ही हात मोकळे. खोबरं खवायची खवणी तिच्या टोकाला, ती वेगळीच करामत.

कांद्याचा किस्साही सांगितलाच पाहिजे. २०२५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी छोटं गिलोटिनसारखं यंत्र करून कांदे कापले आणि वेगवान कॅमेऱ्याने त्यातून उडणारे थेंब टिपले. बोथट पात्याखाली कांद्याचा पापुद्रा फाटण्याआधी दबतो, आतल्या रसावर दाब साठतो, आणि पापुद्रा सुटला की तुषार उंच उडतात. धारदार पातं, सावकाश हात, तर थेंब कमी आणि त्यांचा जोरही कमी. डोळ्यांतलं पाणी कमी करायचं तर धार लावा, असा याचा अर्थ.

ती लावायची कशावर? धार लावणं म्हणजे पात्यातून पोलादाचे बारीक कण खरवडून काढणं, आणि खरवडणारा कण पोलादाहून कठीण हवा. कोण कोणावर ओरखडा काढू शकतो, याची १ ते १० अशी उतरंड फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली लावली. शंखजिरे १ वर, हिरा १० वर. सुरीचं पोलाद साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान कुठेतरी बसतं.

ही उतरंड डोक्यात ठेवून कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघरात शिरा. ओटा कडप्प्याचा. तो चुनखडीच्या जातीचा दगड, त्यातलं मुख्य खनिज कॅल्साइट, आणि त्याचा क्रमांक अवघा ३. त्याच्या कडेवर सुरी कितीही घासली तरी ओट्यालाच चरे पडणार. खाली पाटा-वरवंटा आहे, तो काळ्या कातळाचा. सारा ठाणे जिल्हा याच कातळावर उभा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्हारसाचा हा बेसाल्ट, अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर घडलं तेही याच दगडात. पण त्यातली मुख्य खनिजं, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन, सहाच्या आसपास घुटमळतात. म्हणजे पोलादाशी जेमतेम बरोबरी. मऊ लोखंडाच्या विळ्या-कोयत्याला हा दगड हळूहळू धार आणतो, पण स्वतःही तितकाच झिजतो. जुन्या घरांच्या पायऱ्यांना आणि विहिरीकाठच्या दगडांना विळे घासून पडलेले खोलगट वळ दिसतात, ते त्यामुळे.

या कातळाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी सापडते, ती क्वार्ट्झ, क्रमांक ७. पोलादाला पुरून उरेल, पण ती असते गोट्यांच्या रूपात. सुरी सरळ फिरवता येईल अशी फरशी तिच्यातून निघायची कशी? मग घाईच्या वेळी आपल्या आया-आज्या काय करायच्या? चिनी मातीचा कप उलटा ठेवायच्या आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कड्यावर सुरी दोन-चारदा ओढायच्या. तेवढ्याच भागाला चकचकीत लेप नसतो, आणि भट्टीत भाजलेल्या त्या मातीत क्वार्ट्झ आणि म्युलाइटचे कण घट्ट बसलेले असतात. मोस यांचं नाव न ऐकताही घरातला सगळ्यात कठीण दगड बरोबर हेरलेला!

धारेच्या दगडांवरून जगभर लोकांनी जीव टाकला आहे. बेल्जियमच्या पिवळट कोटिक्यूल दगडात गार्नेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. अमेरिकेतल्या आर्कान्सॉचा नोव्हाक्युलाइट म्हणजे जवळपास शुद्ध बारीक क्वार्ट्झ. जपानी सुतार आणि आचारी क्योटोजवळच्या खाणींतल्या दगडांना पिढ्यान्‌पिढ्या जपत आले. आपल्या वाट्याला असा दगड आला नाही, आणि त्याची खंत करायचं कारणही नाही. कारण ठाण्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात काही रुपयांना मिळणारा करडा-काळा, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा जो दगड असतो, त्याची गोष्ट या सगळ्यांपेक्षा अचाट आहे.

तो दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. क्रमांक ९च्याही पुढे. १८९१ साली पेनसिल्व्हेनियात एडवर्ड अ‍ॅचिसन नावाचा माणूस कृत्रिम हिरे करण्याच्या नादात होता. लोखंडी भांड्यात माती आणि कोळशाची पूड घालून त्याने त्यातून जबरदस्त वीजप्रवाह सोडला. निवल्यावर पाहतो, तर कार्बनच्या दांड्याला थोडे चमकदार स्फटिक चिकटलेले. त्यांनी काचेवर ओरखडा निघाला. हिरे नव्हते, पण त्यांच्या खालोखाल काहीतरी होतं. त्याने नाव दिलं कार्बोरंडम, आणि सुरुवातीला रत्नांना पैलू पाडणाऱ्यांना ते विकलं. आजही कृती मूळची तीच आहे. वाळू आणि कोक एकत्र करून विजेच्या भट्टीत २,००० अंशांच्या वर तापवायचं, मग फोडायचं, चाळायचं आणि चिकटवून भाजायचं. आपल्याकडे घासचाकं, म्हणजे ग्राइंडिंग व्हील, बनवण्याचा पहिला कारखाना १९४१ साली ग्राइंडवेलने उरणजवळ मोऱ्याला काढला. ठाण्याहून खाडीच्या दिशेने पुढे गेलं की फार लांब नाही ते.

सिलिकॉन कार्बाइड पृथ्वीवर निसर्गतः अतिशय दुर्मीळ. १८९३ साली आंरी म्वासाँ यांना ते अ‍ॅरिझोनातल्या एका उल्केच्या तुकड्यात आढळलं. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केतही याचे कण होते, आणि २०२० साली त्यांचं वय काढलं तेव्हा काही कण ५५० कोटी वर्षांहून जुने निघाले. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा. म्हणजे सूर्य जन्मायच्या आधी विझत चाललेल्या कुठल्यातरी ताऱ्यांच्या फुंकरीत जे घडलं, तेच संयुग आपण खिळे आणि कडी-कोयंड्यांच्या शेजारून उचलून आणतो आणि त्यावर कोथिंबिरीची सुरी घासतो.

घासायची रीत सोपी आहे, संयम अवघड. दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. सुरी उभी धरली की ९० अंश, अर्ध्यावर झुकवली की ४५, पुन्हा अर्ध्यावर की साडेबावीस. त्याहून किंचित कमी, की कोन बरोबर जमला. पातं ४ सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सव्वा ते दीड सेंटीमीटर उचललेली राहते. कोयत्याला याहून जाड कोन हवा, नाहीतर हाडावर बसताच धारेचा टवका उडेल. मग तोच कोन सांभाळत सुरी मुठीपासून टोकापर्यंत ओढत राहायची. कोन डोलला की धार गोल होते. नवशिक्याची सगळी मेहनत वाया जाते ती इथे.

दगडावर काळपट चिखल जमू लागतो. तो पुसू नये, पोलाद आणि दगड दोघांचे कण त्यात असतात. आणि थोड्या वेळाने माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट घडते. बोटाचं पेर पाठीकडून कडेच्या दिशेने अलगद बाहेर नेलं तर पलीकडच्या बाजूला काहीतरी अडखळतं. घासलेलं पोलाद कडेपाशी इतकं पातळ होतं की सुटून जाण्याऐवजी पलीकडे वळून राहतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतल्या कुठल्याही फिटरला विचारा, तो याला बर म्हणेल. डोळ्यांना ती क्वचितच दिसते, बोटाला मात्र लगेच कळते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली, याचा अर्थ या बाजूचा उतार थेट माथ्यापर्यंत पोचला. मग सुरी उलटायची, बर इकडे आणायची, दगडाची बारीक बाजू घ्यायची आणि जोर कमी करत जायचं. दगडावरचा आकडा जितका मोठा, तितके कण बारीक. १,००० नंबरच्या दगडातले कण साधारण पंधरा मायक्रॉनचे. शेवटी राहिलेली बर चामड्यावर किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर पातं उलट्या दिशेने ओढून काढायची. न्हावी वस्तरा पट्ट्यावर परजायचे ते याचसाठी.

सायकल स्टँडवर चढवून पायडलने चाक फिरवणारे, सोसायटीच्या फाटकाशी हाक देणारे धारवाले यात कुठे बसतात? दगडप्रेमी मंडळी त्यांना नावं ठेवतात आणि अर्धं बरोबर बोलतात. चाकावरून ज्या ठिणग्या उडतात ते पोलादाचे तापलेले कण असतात, हवेतल्या प्राणवायूत जळणारे. पोलादात कार्बन जास्त असेल तर ठिणगी पुढे जाऊन पुन्हा फुटते. कारखान्यांत नुसत्या ठिणग्या पाहून पोलादाची जात ओळखतात. अडचण उष्णतेची आहे. कडेचं पोलाद इतकं पातळ असतं की ते क्षणात तापतं, निळसर पडलं की सुमारे ३०० अंशांवर गेलेलं असतं, आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. ओल्या दगडावर हाताने हे होऊच शकत नाही. पण टवके उडालेला कोयता किंवा कात्री असेल तर मी धारवाल्यालाच हाक मारेन. हाताने तेवढं पोलाद काढायला दुपार जाईल.

इतकं करून धार जाते कशी? एमआयटीत २०२० साली रेझरच्या ब्लेडने दाढीचे केस कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पोलादाहून पन्नासपट मऊ केस, तरी ब्लेडच्या कडेला टवके. पोलादाची आतली घडण सगळीकडे सारखी नसते. केस वाकून एका कडेने भिडला आणि नेमका कच्च्या जागी लागला, तर तिथे चीर धरते.

आणि झीज दगडाचीही होतेच. मधोमध घासून तो खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर सरळ धार येत नाही. तो सपाट करायचा तर सपाट वस्तू हवी, आणि पहिली सपाट वस्तू आणायची कुठून? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० साली यावरची रीत जाहीरपणे मांडली. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते तंतोतंत जुळतात, फसवतात. तीन घ्या. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, असे आलटून-पालटून घासत राहा. तिन्ही जोड्या एकाच वेळी जुळायच्या असतील तर तिघांनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर नसतं. कुठलाही नमुना जवळ न ठेवता, तीन ओबडधोबड दगडांतून निखळ सपाटी निघते.

घरी तीन दगड कोण ठेवतो म्हणा! त्यापेक्षा खिडकीच्या काचेचा तुकडा घ्यावा, त्यावर ओला पॉलिश पेपर अंथरावा आणि दगड त्यावर घासावा. काच सपाट असते, कारण हल्ली ती ओततात वितळलेल्या कथलावर. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केलेली ही युक्ती. कथलाचा द्रव स्वतःहून समतल होतो आणि त्यावर तरंगत थंड झालेली काच तीच सपाटी घेऊन बाहेर पडते.