हेडफोनची केबल : चांदीची तार की सोन्याची पिन?

पेणच्या एका अंगाला धरमतरच्या खाडीलगतची मिठागरे आणि खारभूमी, तर रोह्याला खेटून वाहणारी कुंडलिका. या साऱ्या पट्ट्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चामड्याच्या चपलांना बुरशी येणे, दाराच्या कडीला गंज चढणे, देवघरातील तांब्याची भांडी कळकणे हे इथल्या घरांना नवे नाही. अशा हवेत एखाद्या संगीतप्रेमीने वीस-पंचवीस हजार रुपयांचा हेडफोन घेतला, की लगेच त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, सोबत आलेली केबल बदलावी काय? विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते. साधे तांबे काढा, चांदीची तार लावा. निर्णय घेण्यापूर्वी थोडे गणित करून पाहिले, तर बरेच पैसे वाचू शकतात.

सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.१३ ओहम असतो. केबल १.२ मीटर लांबीची असेल तर विद्युतप्रवाहाला जाऊन-येऊन २.४ मीटरचा प्रवास करावा लागतो, म्हणजे एकूण रोध होतो ०.३२ ओहम. हेडफोनचा रोध ३२ ओहम असल्यास या केबलमुळे आवाजात पडणारी घट एका डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. सेनहायझरच्या एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला तर ती जवळपास शून्यच. तांब्यापेक्षा चांदी चांगली विद्युतवाहक आहे हे खरे, पण हा फरक पाच-सहा टक्क्यांचा. तांब्याच्या तारेची जाडी तीन टक्के वाढवली की ती चांदीची बरोबरी करते! त्यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण उरत नाही.

जाहिरातींत आणखी एक मुद्दा हमखास आढळतो. उच्च स्वरांचा प्रवाह तारेच्या केवळ पृष्ठभागावरून वाहतो, म्हणून चांदीचा मुलामा हवा, असे सांगितले जाते. तत्त्व खरे आहे, परंतु ते लागू पडते ते रेडिओलहरींच्या क्षेत्रात. माणसाच्या कानाची वरची मर्यादा मानल्या जाणाऱ्या २०,००० हर्ट्झलाही तांब्यात हा प्रवाह सुमारे ०.४६ मिलिमीटर खोलवर शिरतो. तार मुळात ०.४ मिलिमीटरची! मग आत-बाहेर हा भेद राहतोच कुठे?

तरीही केबल बदलल्यावर आवाज बदलला असे सांगणारे सगळेच भ्रमात असतात, असे मानणे अन्यायाचे ठरेल. कानाच्या पोकळीत बसणाऱ्या, एकाच कवचात अनेक ध्वनिघटक असलेल्या काही इअरफोनचा रोध स्वरागणिक बदलतो. एखाद्या पट्टीत तो ५ ओहमपर्यंत उतरतो, तर दुसऱ्या पट्टीत ४० ओहमपर्यंत चढतो. अशा इअरफोनला १ ओहम रोधाची बारीक केबल लावली, तर एका पट्टीतील आवाज सुमारे दीड डेसिबलने उतरतो आणि दुसऱ्या पट्टीतील जेमतेम ०.२ डेसिबलने. स्वरांचा तोल ढळतो आणि तयार कानाला ते कळूही शकते. मात्र याचे कारण चांदी किंवा तांबे नसून निव्वळ रोध आहे. तेव्हा अशा इअरफोनच्या मालकाने केबल घेताना धातूचे नाव विचारण्याऐवजी ती किती ओहमची आहे हे विचारावे. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर तेही एक उत्तरच आहे. अमेरिकेतील जेम्स रँडी यांनी २००७ साली महागडी ध्वनिकेबल केवळ ऐकून ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी प्रत्यक्षात झालीच नाही.

आता केबलच्या टोकांकडे वळू. खर्च करायचा तर तो इथे करावा. घरगुती अॅम्प्लिफायरवर दिसणारा ६.३५ मिलिमीटरचा जाड जॅक मूळचा एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमधला. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे ट्रान्झिस्टर आणि वॉकमनमुळे घराघरांत पोहोचलेला ३.५ मिलिमीटरचा जॅक. या दोहोंत डाव्या आणि उजव्या कानाचा परतीचा मार्ग एकच असतो. जपानमध्ये २०१६ साली प्रमाणित झालेल्या ४.४ मिलिमीटरच्या जॅकला पाच संपर्क असतात आणि दोन्ही कानांचे मार्ग स्वतंत्र राहतात. यालाच बाजारात ‘बॅलन्स्ड’ म्हणतात. त्याचा मुख्य लाभ असा, की अशी सोय असलेला अॅम्प्लिफायर हेडफोनला दुपटीपर्यंत व्होल्टेज पुरवू शकतो. जास्त रोधाच्या हेडफोनला त्याचा उपयोग होतो. अॅम्प्लिफायरवर तशी सोयच नसेल, तर ४.४ ची केबल घेऊन काही साधत नाही.

इथे एक धोका ध्यानात ठेवायला हवा. ४.४ च्या केबलला अॅडॅप्टर लावून ती ३.५ च्या सॉकेटमध्ये घालण्यास हरकत नाही. याउलट, बॅलन्स्ड सॉकेटमध्ये अॅडॅप्टरच्या मदतीने ३.५ ची केबल घातल्यास दोन्ही बाजूंची ऋण टोके एकमेकांना जोडली जातात आणि अॅम्प्लिफायर निकामी होऊ शकतो. दोन्ही प्रकारचे अॅडॅप्टर बाजारात मिळतात आणि दिसायलाही सारखेच असतात.

हेडफोनच्या बाजूची टोके तर प्रत्येक घराण्याची निराळी. सेनहायझरच्या एचडी ६०० ला दोन असमान जाडीच्या पिना, ऑडिओ-टेक्निकाच्या एम ५० एक्सला फिरवून घट्ट बसणारी २.५ मिलिमीटरची पिन, एकेजीच्या के ७०२ ला छोटा तीन पिनांचा एक्सएलआर. इअरफोनमध्ये ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना आणि गोल एमएमसीएक्स असे दोन पंथ आहेत. एमएमसीएक्स खाचेत गोल फिरते, त्यामुळे वापरायला सुखद. पण सतत फिरण्याने तिचा संपर्क झिजतो आणि आवाज तुटू लागतो. दोन पिनांची जोडणी स्थिर राहते, मात्र घाईत खेचल्यास पिन वाकते. दमट हवेच्या गावात, घाम येणाऱ्या कानांसाठी, दोन पिनांचे पारडे जड वाटते.

या पिनांवर सोन्याचा मुलामा देतात, त्यालाही कारण आहे. सोने हे तांब्याहून वाईट विद्युतवाहक! पण ते हवेत कळकत नाही. चांदीचे निरांजन हवेतील गंधकाने काळे पडते, तांब्यावर हिरवट थर चढतो, सोने मात्र तसेच राहते. मुलामा अगदी पातळ असतो. म्हणूनच पिन खरखरू लागली की ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने घासण्याची सवय घातक ठरते. एका घासण्यात सोने जाते आणि खालचा धातू उघडा पडतो. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिन पुसावी. सॉकेटमध्ये धूळ साचली असेल, तर ती आधी हवेच्या फुंकाऱ्याने काढावी. तोंडाने फुंकू नये, कारण त्यासोबत ओलावाही जातो. पावसाळ्यात हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद डब्यात राहिला, तर सांधे बरीच वर्षे टिकतात.

रोहा-दिवा गाडीने रोज ये-जा करणाऱ्याची गरज आणखी वेगळी. त्याच्या शर्टावर केबल घासली की तो खरखराट थेट कानात उतरतो. कडक प्लॅस्टिकच्या आवरणापेक्षा मऊ, हलकी केबल इथे बरी. जॅक काटकोनी असावा आणि त्याच्या मुळाशी ताण सोसणारी रबरी नळी असावी. स्टुडिओसाठी बनवलेली तीन मीटरची केबल गाडीत केवळ पायात अडकते.

स्वतः केबल बनवू पाहणाऱ्यांना मुंबईत डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवर, मीटरच्या भावाने केबल आणि सुटे जॅक मिळतात. डाग देताना एक खबरदारी घ्यावी लागते. पुष्कळ हेडफोन केबलींच्या बारीक तारांवर लाखेसारखे रोधक आवरण असते. ते जाळल्याशिवाय दिलेला डाग वरून चकचकीत दिसतो आणि आत संपर्क नसतो. काम झाल्यावर मल्टिमीटर ओहमवर लावून दोन्ही टोके तपासावीत आणि तपासताना केबल मुळाशी हलवून पाहावी. आकडा स्थिर आणि अर्ध्या ओहमच्या आत राहिला तर केबल उत्तम. हलवताना तो उड्या मारू लागला, तर तो सांधा पुन्हा उकलून जोडावा.