पोचलो तर खरं, आता फिरायचं कसं?

मोर्शी ते चिखलदरा: स्वतःची गाडी की एसटी? घाट, बजेट आणि आजीचे गुडघे, सगळ्यांचा हिशेब

पुण्यात किंवा नागपुरात नोकरी करणारी मोर्शीची पोरं-पोरी लाँग वीकेंडला घरी येतात. पहिला दिवस झोपण्यात जातो. दुसऱ्या दिवशी संत्र्याच्या बागेत फोटोसेशन होतं, सिंभोऱ्याला जाऊन अप्पर वर्धा धरणाचे १३ दरवाजे बघून होतात, सालबर्डीची एक चक्करही होते. आणि मग घरात तो प्रश्न पडतो, 'आता कुठं जायचं?' उत्तर अर्थातच ठरलेलं आहे. चिखलदरा! डिस्ने वर्ल्ड फ्लोरिडात, इमॅजिका खोपोलीला. वऱ्हाडी माणसाचा हक्काचा सुट्टीचा स्पॉट मात्र सातपुड्यात, अकराशे मीटरच्या वर.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. ज्याच्या अंगणात गाडी आहे तो चावी फिरवतो आणि निघतो. ज्याच्याकडे नाही, त्याचे बाबा म्हणतात, "काहून एवढा खर्च करता बाप्पा, एसटी आहे नं!" बाबांचं बरोबर आहे. पण अर्धंच.

आधी गाडीवाल्यांचं बघू. मोर्शीहून आधी अमरावती आणि मग परतवाडा असा वळसा घेणारे आजही भेटतात. कशासाठी, देव जाणे. सरळ चांदूर बाजारवरून परतवाडा गाठा आणि वर चढा. साधारण नव्वद किलोमीटरमध्ये काम होतं. अमरावतीमार्गे हेच अंतर सव्वाशेच्या पुढे जातं. वाटेत रिद्धपूर लागतं, महानुभावांचं तीर्थक्षेत्र. वेळ असेल तर थांबा. पेट्रोल मात्र परतवाड्यातच भरून घ्या आणि मोबाइलवरचा नकाशाही तिथेच डाउनलोड करा, मेळघाटात रेंजचा भरवसा नाही.

परतवाड्यातून वर जायला दोन वाटा. एक धामणगाव गढीवरून, दुसरी घटांगवरून. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गर्दी उसळली की प्रशासन कधी कधी एकेरी वाहतूक लावतं, तेव्हा कुठली वाट चढायची आणि कुठली उतरायची हे परतवाड्यातच विचारून घेतलेलं बरं. नव्याने ड्रायव्हिंग शिकलेल्यांसाठी एक कळकळीची सूचना. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि उतरताना पेट्रोल वाचवायच्या नादात गाडी न्यूट्रल करायची नाही, इंजिन बंद तर मुळीच नाही. ज्या गियरमध्ये चढलात, साधारण त्याच गियरमध्ये उतरा. इंजिनचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर दगा देतात. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात तर समोरच्या गाडीचा दिवाही उशिरा दिसतो. उजेड असतानाच वर जा, उजेड असतानाच खाली या.

आता एसटी. आणि इथे हिशेब एकदम सही बसतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट आहे. ६५ ते ७५ वयाच्या मंडळींना अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट. आता घरातली पाच माणसं मोजा: आजी ७८ची, बाबा ६६चे, आई, बहीण आणि तुम्ही. आजीचं तिकीट शून्य, बाबा-आई-बहीण अर्धे-अर्धे, पूर्ण पैसे फक्त तुमचे. म्हणजे पाच जण अडीच तिकिटांत चिखलदऱ्याला! आजी-बाबांचं आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर परतवाड्याला बदलायची.

आयुष्यभर शेतात आणि चुलीपुढे राबलेल्या बाईला 'तुझ्यामुळे खर्च वाढतो' हे ऐकावं न लागता फिरायला निघता येतंय, ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली पर्यटनातली सगळ्यात मोठी बातमी आहे. एकाही ट्रॅव्हल ब्रोशरमध्ये ती नसते.

पण आजी चिखलदऱ्याच्या बसस्टँडवर उतरते. पुढे?

पुढे काही नाही. मोझरी पॉइंट, देवी पॉइंट, शक्कर तलाव ही मंडळी गावाच्या आसपास आहेत, पाय धड असतील तर चालत होतात. पण भीमकुंड एकीकडे, पंचबोल पॉइंट दुसरीकडे, हरिकेन पॉइंट तिसरीकडे, गाविलगड आणखी वेगळा. कीचकाला भीमाने याच दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा झाला, अशी गोष्ट आजीला तोंडपाठ असते. पण ते कुंड बघायला सीट नसते. एसटीने चिखलदरा गाठता येतं, बघता येत नाही!

आता जरा अमेरिकेत डोकावू. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली ऑरलँडोजवळ उघडलं. शंभर चौरस किलोमीटरच्या आसपासचा पसारा, त्यात चार मोठी थीम पार्क. गाडीवर जगणाऱ्या त्या देशात ऑरलँडोला पोचणंच गाडीशिवाय अवघड. विमानतळावरून पाहुण्यांना फुकट नेणारी डिस्नेची बसही २०२२च्या सुरुवातीला बंद झाली. पण एकदा आत शिरलात की बस, मोनोरेल, बोट आणि २०१९ पासून हवेतून जाणारी स्कायलायनर, काहीही पकडा, तिकीट नाही. उलट स्वतःची गाडी घेऊन थीम पार्कला गेलात तर पार्किंगचे पैसे मोजायचे. आपल्याकडे नेमका उलटा न्याय. दारापर्यंत सरकार अर्ध्या तिकिटात सोडतं, आत मात्र ज्याची गाडी त्याचीच मजा.

'ते डिस्ने आहे हो, त्यांच्याकडे डॉलर आहेत,' असं म्हणणाऱ्यांनी शेगावला जाऊन यावं. बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि शेगाव स्टेशनवर उतरा. गजानन महाराज संस्थानची बस तुम्हाला मंदिरापर्यंत, भक्तनिवासापर्यंत नेते, फुकट. आनंद सागर ऐन भरात होतं, तेव्हा तिथल्या छोट्या रेल्वेत बसायला अख्खं वऱ्हाड लोटायचं. पुढे ते बरीच वर्षं बंद राहिलं. तरी आमच्या पिढीला शेगाव आठवतं ते 'कुठंच दमलो नाही' असं. गर्दी प्रचंड, पण आजीला कडेवर घ्यायची वेळ येत नाही. हे डॉलरने होत नाही, कुणीतरी बसून विचार केला की होतं.

चिखलदऱ्यात त्यासाठी मोनोरेल लागणार नाही. सीझनमध्ये शनिवार-रविवारी बसस्टँडवरून निघून चार-पाच पॉइंट फिरून परत येणारी एक मिनीबस, चढा-उतरा पद्धतीची, एवढं पुरे. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेसाठी एसटी जादा गाड्या सोडतेच की!

तोपर्यंत जुगाड. बसस्टँडच्या आसपास पॉइंट दाखवणाऱ्या जीप मिळतात. भाव बसायच्या आधी ठरवा, आणि 'सगळे पॉइंट' म्हणजे नेमके कुठले हेही नावानिशी वदवून घ्या. तुम्ही दोघंच असाल तर एसटीतच दुसरं एखादं कुटुंब गाठा, जीप अर्ध्या पैशांत पडते. शक्य असेल तर एक मुक्काम कराच. पहिल्या दिवशी पायी होणारं सगळं उरका, दुसऱ्या दिवशी सकाळी जीप. गाविलगड शेवटी ठेवा. १८०३च्या डिसेंबरमध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने जिंकलेला हा किल्ला चालूनच बघावा लागतो. तिथं एसयूव्हीवाला आणि एसटीवाला सारखेच धापा टाकतात. आजीला वाटलं तर खाली कॉफी पाजा. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच.

आणि हो, उतरल्याबरोबर कंट्रोलरला परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा. परतवाड्याहून पुढे मोर्शीकडची गाडी कधी, हेही त्यालाच विचारा. रबडी घ्यायची असेल तर गाडीत बसायच्या अगदी आधी घ्या, आणि डब्याचं झाकण दोनदा तपासा. घाटातल्या पहिल्या तीन वळणांत शेजाऱ्याच्या मांडीवर सांडलेली रबडी पुसायला एसटीत कुठे जागा असते?