मशीन कुणाच्या नावावर?

मागच्या पावसाळ्यात एक भगिनी पतीसह आमच्या कार्यालयात आल्या. हातात बँकेची नोटीस. घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे मशीन, एका हेडचे, पंधरा सुयांचे. दोन वर्षे ते याच बाईंनी चालविले. धागा ओवणे, फ्रेम बसविणे, बॉबिन बदलणे, हुकाला तेल देणे, सगळे त्यांच्याच हाताने. आम्ही कागद पाहिले, तर बिल पतीच्या नावावर, कर्ज पतीच्या नावावर, हमीदार म्हणून सही मात्र बाईंची! तुमचे यात काय, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "हप्ते माझे, साहेब."

आमच्या वस्त्यांतून ही मशिने आता दिसू लागली आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. पण विकणारा हिशेब सांगतो तो अर्धाच. मिनिटाला हजार टाके, म्हणजे दहा हजार टाक्यांचे डिझाइन दहा मिनिटांत, असे तो म्हणतो. पण धागा तुटतो, रंग बदलतो, नवा कपडा फ्रेममध्ये ताणून बसवावा लागतो, मागे पेपर लावावा लागतो. पाव तास धरावा तेव्हा खरे. वीज गेली तर तेवढा वेळ मशीन उभे. पंचिंगचे पैसे वेगळे. आणि दर ठरतो हजार टाक्यांमागे, तोही व्यापारी ठरवितो.

या बाईंचे गिऱ्हाईक एकच होते. एका व्यापाऱ्याचे शाळांच्या गणवेशांवरचे बिल्ले. डिझाइनची फाइल त्याची, कपडा त्याचा, दर त्याचा. मशीन, वीज आणि हप्ता तेवढा यांचा! याला उद्योजक म्हणावे काय? 2008 च्या असंघटित कामगार कायद्याने घरी बसून दुसऱ्यासाठी माल करणाऱ्यांची व्याख्या केली, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती ठेवली. आम्हाला तर ही बाई त्या व्याख्येच्याच जवळ दिसते, फरक इतकाच की कामगाराच्या डोक्यावर मशीनचे कर्ज नसते.

व्यापाऱ्याने सात महिन्यांचे पैसे थकविले आणि तिथूनच हप्ते तुटले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने अशा पुरवठादाराला मोठे हत्यार दिले आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला सुलभीकरण परिषद. पण उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी. ही नोंदणी 2020 पासून ऑनलाइन होते, एक पैसाही लागत नाही. या बाईंना ते कुणी सांगितलेच नव्हते. आता जुन्या पैशांसाठी दिवाणी दावा हाच मार्ग, आणि त्याला तीन वर्षांची मुदत.

कर्जाविषयीही दोन शब्द. लहान उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2010 सालीच बँकांना बजावले आहे. तरी आमच्या माणसाला पहिला प्रश्न येतो, घराचा उतारा आहे का? 2008 साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत अनुसूचित जातींना आणि महिलांना ग्रामीण भागात 35 टक्के, शहरात 25 टक्के अनुदान ठेवले. ते हातात येत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून पडून राहते, हे अर्ज भरून देणारा दलाल सांगत नाही.

नोटिशीचे म्हणाल तर कर्जाखालचे मशीन मालकाच्याच ताब्यात असते, बँकेचा त्यावर फक्त बोजा असतो. वसुलीसाठी गुंड पाठविता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली स्पष्ट केले आहे. नोटिशीला आम्ही उत्तर दिले, हप्त्यांची फेरमांडणी मागितली. शिवाय मशीन पत्नीच्या नावे करण्यास संमती द्यावी, असा अर्ज पतीच्याच सहीने केला. सही करताना ते जरा थांबले होते, हेही सांगितले पाहिजे.

उद्यम नोंदणी बाईंच्या नावे झाली. 14 एप्रिलच्या टोप्यांचे काम तीन मंडळांकडून आले, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. बँकेचे उत्तर अजून आलेले नाही.