डावीकडची जागा

पहाटे 5.30. श्रावणाची झिरमिर रात्रभर चालू होती, अजून थांबलेली नाही. माळमड्डीतून सायकलवर निघतो. गेली एकोणीस वर्षं मी धारवाडात मोटार शिकवतो. पण दिवसाची सुरुवात सायकलवरच करायची, हे मी ठरवून पाळलंय. रस्त्याचा काठ कुठं खचलाय, डांबर कुठं उखडलंय, मागून येणारी गाडी वेग कमी करतेय की नाही, हे सायकलवर पाठीलाच कळतं. मोटारीत बसलं की तासाभरात ते विसरायला होतं.

6.15. पहिल्या विद्यार्थिनी बँकेत नोकरी करतात. विद्यापीठाच्या बाजूचे रस्ते या वेळी मोकळे असतात. स्टिअरिंग त्यांच्या हातात. माझ्या पायाखाली जादा क्लच आणि ब्रेक. माझी जागा डावीकडची. चालवणाऱ्याला सायकलवाला जेमतेम दिसतो आणि लगेच मागं पडतो. मला मात्र त्याचं कोपर दिसतं, चप्पल दिसते, हँडल किती लटपटतंय ते दिसतं. खिडकीतून हात काढला तर खांद्याला लागेल इतक्या जवळून तो जातो.

पुढं एक गवळी मामा आहेत, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले. धारवाडचा पेढा या दुधावर उभा आहे. ताईंनी हॉर्नकडं हात नेला.

“नको, ताई. अगदी मागं जाऊन वाजवला तर ते दचकतील. कॅन भरलेले आहेत, तोल गेला तर सावरता येणार नाही.”

“मग त्यांना कळणार कसं?”

“लांबूनच एकदा हलकासा वाजवायचा. नाहीतर थांबायचं.”

किती अंतर ठेवायचं, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. फ्रान्समध्ये सायकलवाल्याला ओलांडताना गावात किमान 1 मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर जागा सोडायचा नियम आहे. पण चालत्या गाडीतून मीटर मोजता येत नाही. म्हणून मी म्हणतो, तो माणूस याच क्षणी तुमच्या बाजूला आडवा पडला तरी चाक त्याच्या अंगावर जाऊ नये, एवढी जागा. तेवढी नसेल तर ओलांडायचं नाही, दुसऱ्या गियरमध्ये मागं राहायचं. मामा पुढच्या वळणावर वळले. आमचं अर्धं मिनिट गेलं असेल.

पाऊस असला की आणखी एक गोष्ट. पाण्यानं भरलेला खड्डा तुम्हाला लहान वाटतो, स्कूटरवाल्याला तो चुकवावाच लागतो. त्याच्यापुढं डबकं दिसलं की समजायचं, तो आता उजवीकडं येणार. तो इंडिकेटर देणार नाही. द्यायला वेळच नसतो.

9.00. कॉलेजचा मुलगा. आज त्याला पी. बी. रोडवर न्यायचं ठरलंय. 2018 पासून या रस्त्याच्या मधून चिगरी बस धावते. चिगरी म्हणजे हरीण. हुबळी ते धारवाड साधारण 22 किलोमीटर बसला स्वतंत्र मार्ग, मधोमध स्टेशनं. बसचा प्रवास सुखाचा झाला, हे मी मनापासून म्हणतो. पण बाकी सगळे, म्हणजे मोटारी, टँकर, रिक्षा, स्कूटी, सायकली, आता दोन्ही कडांच्या मार्गांतून जातात. त्यातही सगळ्यात कडेला, गटाराच्या झाकणांवरून, दुचाकी.

टोलनाक्याजवळ त्याला डावीकडं वळायचं होतं. पुढं एक मुलगी स्कूटीवर होती, मागं तिची आई साडीत, एका बाजूला पाय सोडून बसलेली. त्यानं वेग वाढवला, स्कूटीला ओलांडलं आणि लगेच स्टिअरिंग डावीकडं घेतलं. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. स्कूटी आमच्या डाव्या दरवाजापासून हातभर अंतरावर उभी होती. त्या आईनं माझ्याकडं पाहिलं, पण ती ओरडली नाही. मी हात जोडले.

गाडी कडेला घेतली. तो म्हणाला, “सर, मी इंडिकेटर दिला होता.”

“दिलास. पण वळायचंच होतं तर ओलांडलंस कशाला? चार सेकंद त्यांच्या मागं राहिला असतास तर त्या सरळ गेल्या असत्या आणि तू आरामात वळला असतास.”

तेवढ्यात एक दुधाचा टँकर वळला. म्हटलं, याची मागची चाकं बघ. पुढची चाकं मोठा फेर घेतात, मागची आत कापत येतात. टँकर आणि फुटपाथ यांच्यामध्ये आधी एक सायकल मावेल एवढी जागा होती. वळण संपता संपता वीतभरही उरली नाही. वळणावर मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाला थांबू नये, असं आपण स्कूटरवाल्यांना सांगतो, सांगायलाच हवं. पण तिथं कुणी आहे का ते पाहण्याची पहिली जबाबदारी मोठ्या गाडीची. ज्याच्या भोवती टनभर लोखंड आहे त्यानं आधी सांभाळायचं. यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही.

12.00. वर्गात फळा. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो; तोवर गाडी 11 मीटर गेलेली असते, ब्रेक त्यानंतर. ओल्या रस्त्यावर आणखी लांब. मग एक आकडा लिहितो आणि पुसत नाही : 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची. कर्नाटकात 2016 पासून मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. वर्गातल्या किती जणांच्या आया ते घालतात, हे विचारलं की सगळे फळ्याकडं बघत राहतात.

1.30. डबा.

4.00. निवृत्त शिक्षक काका, लाइन बाजारात. पेढ्याच्या दुकानाकडं गर्दी, कडेला गाड्या उभ्या. त्यांना दार उघडायला शिकवायचं होतं. त्यासाठी मी एक पूर्ण तास ठेवतो, त्याचं लोकांना नवल वाटतं. चालकाचं दार उजवीकडं, रहदारीत उघडतं. ते उजव्या हातानं ढकलू नका, डाव्या हातानं उघडा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि नजर मागं जाते. डावीकडं बसलेल्यांनी उजवा हात वापरायचा. नेदरलँड्समध्ये ही सवय चालक शिकतानाच लावतात. काकांनी वीस वेळा केलं. एकविसाव्या वेळी उघडता उघडता थांबले. मागून एक मुलगा सायकलवर येत होता, कॅरियरवर दप्तर. तो निघून गेल्यावर काका काही वेळ आरशात बघत राहिले.

2007 साली याच बाजारात माझ्या मामांच्या सायकलपुढं अचानक एका गाडीचं दार उघडलं होतं. त्यांचा खांदा पुन्हा कधी पूर्ण वर गेला नाही.

5.30. नवलूर. पेरूच्या टोपल्या दिसल्या की गाड्या पी. बी. रोडवर करकचून थांबतात. पेरू मलाही आवडतात. आधी आरसा, मग इंडिकेटर, हळूहळू कडेला, मग ब्रेक. मागं स्कूटर असतेच. इथं मी विद्यार्थ्यांना एकच शब्द सांगतो, “सावकाश.” तो इथल्या मराठीतही आहे आणि कन्नडातही, त्यामुळं दोनदा सांगावा लागत नाही.

6.45. अंधारून यायला लागलं. समोरून स्कूटर येताना दिसली की अप्परचा डिप्पर करायचा. ओल्या हेल्मेटच्या काचेवर झगझगीत उजेड पडला की स्वाराला क्षणभर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. एकदा तरी रात्री, पावसात, दुचाकीवर बसून पाहावं.

7.15. सकाळचा कॉलेजचा मुलगा परत आला. मीच बोलावलं होतं. आज फी नाही, स्टिअरिंगही नाही. त्याला माझ्या डावीकडच्या जागेवर बसवलं, मी चालवायला घेतलं, पी. बी. रोडवर तेच टोलनाक्याचं वळण. तो गप्प होता. पुढं एक सायकल, मागं लाल दिवा नाही, कॅरियरला पोतं. मी मुद्दामच थोडा डावीकडं राहिलो.

त्याचा पाय ब्रेकवर गेला. “सर, उजवीकडं घ्या,” तो म्हणाला. “त्यांचं कोपर आरशाला लागेल.”

मी वेग उतरवला आणि मागं राहिलो.