पंचांगांतील पाऊस व अंगणांतील पाऊस

कोंकणांत वैशाखाच्या अखेरीस घरोघर आगोटीची जी लगबग चालते, तिचा सारा हिशेब एका गृहीतावर बसविलेला असतो: मृग लागेपर्यंत ऊन आपलें आहे. रतांब्यांचीं सोलें रसांत बुडवावयाचीं, वाळवावयाचीं, पुन्हां बुडवावयाचीं. अशीं पुटें दिल्यावांचून आमसूल टिकत नाहीं. पापड, फणसपोळी, सरपण, सर्वांस हेंच ऊन. तिकडे शेतांत रोहिणींत धूळवाफेची पेरणी उरकावयाची.

सन २०२५ मध्यें मोसमी पाऊस २४ मे रोजीं केरळांत व २६ मे रोजीं मुंबईंत पोंचला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून. रोहिणी लागते २५ मेच्या सुमारास; म्हणजे पेरणीचें नक्षत्र व पाऊस हातांत हात घालूनच आले. धूळवाफेला कोरडी माती उरली नाहीं. ज्यांची पेरणी राहिली होती त्यांना बियाण्यास मोड आणून चिखलांत टाकण्याची रहूची वाट धरावी लागली. आमसुलांचें काय झालें तें माजघरांत विचारावें!

अशा वेळीं वडील मंडळी कलियुगास दोष देतात व तरुण मंडळी पंचांगास. दोन्ही मतें आम्हांस उतावळीं वाटतात. मृग ही सूर्य आकाशांत कोठें आहे याची खूण. पावसानें दिलेलें वचन नव्हे. वराहमिहिराच्या काळीं, इसवी सनाच्या सहाव्या शतकांत, दक्षिणायनाचा आरंभ पुनर्वसूंत होई. अयनचलनामुळें तो सुमारें ७२ वर्षांस एक अंश मागें सरत आज आर्द्राप्रवेशापाशीं आला आहे. त्या काळीं मृग मेच्या मध्यास लागत असला पाहिजे. तेव्हां मृगाचा व पावसाचा मेळ सनातन नव्हे. तो पुढील पिढ्यांतील शेतकऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहून बसविला. वाहनांची गोष्ट निराळी. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवांनीं भागावयाचें, व बाकीवरून बेडूक कीं गाढव तें ठरवावयाचें. ह्या भागाकारांत ढगाकडे कोणीं पाहिलेलें नाहीं. मुलांना त्यांत मौज वाटते, ती वाटूं द्यावी.

परंतु अयनचलनास एका दिवसाच्या फरकाला सत्तर वर्षें लागतात; हल्लींचा फरक एका आयुष्यांत दिसतो. हवामानखात्यानें २०२० सालीं मुंबईहून पाऊस परतण्याची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. म्हणजे हस्त जवळजवळ सगळा पावसाळ्यांत गेला, आणि हळवें भात तर त्याच वेळीं कापणीस येतें. कापलेलें भात भिजलें कीं लोंबीस मोड येतात. मग हळवें सोडून निमगरवें लावावें काय? एका वर्षाच्या धक्क्यानें बियाणें बदलणें जितकें धोक्याचें, तितकेंच दहा वर्षें डोळे मिटून राहणेंही.

येथें जुने ग्रंथच उपयोगी पडतात. कौटिल्यानें कोठारांत अरत्निभर तोंडाचें पर्जन्यमापक कुंड ठेवण्यास सांगितलें आहे, आणि देशोदेशींचें पर्जन्यमान देतांना अपरान्ताचें, म्हणजे आपल्या कोंकणाचें, अमित म्हणून सोडून दिलें आहे! तरीही मोजावें. तोंड व बूड सारखें असलेलें सरळ भांडें पन्हळीपासून दूर, उघड्यावर ठेवावें. रोज सकाळीं ठरल्या वेळीं पट्टीनें पाणी मोजून आंकडा पंचांगाच्या समासांत, त्या त्या नक्षत्रापुढें लिहावा. आमच्याकडे हें काम नातवंडांवर सोंपविलें आहे. पट्टी कोणीं धरावी यावरून त्यांची रोज तक्रार येते.